हौशी टाइम ट्रायल: सायकल तपासणीचे नियम कोणते ठेवायचे, आणि मोजायचं कसं?

खानापूररोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पावसाळा सरला की बेळगाव परिसरात हौशी टाइम ट्रायल घ्यायचं काही जणांचं चाललंय. जाऊन-येऊन २० किमी, एकेक मिनिटाच्या अंतराने सुटायचं. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडची मंडळी येतील. जमखंडी-विजापूरकडची पोरं आली तर खऱ्या टीटी (टाइम ट्रायलच्या) सायकली घेऊन येतील, आणि यात्रेच्या शर्यतीत पळणारे विना-गिअर सायकलवालेही नाव देतील. नियमपत्रकात "यूसीआयचे नियम लागू राहतील" एवढीच ओळ टाकावी, असा एक सूर आहे (यूसीआय म्हणजे जागतिक सायकलिंग संघटना). मला ते पटत नाही. त्या नियमांतली मापं घ्यायला ना साधन ना माणूस, मग वाद सुटायच्या जागेवरच उभा राहतो, तोही घड्याळ चालू असताना. तेव्हा यूसीआयचं नेमकं काय घ्यायचं, काय सोडायचं आणि जे घेतलं ते कसं मोजायचं, यावर जाणकारांनी लिहावं.

ओळंबा

ओळ टाकून मोकळं होऊ नका, हे बरोबर. पण नियम मुळात कशासाठी आले तेही ध्यानात असू द्या. १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किमीची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. एरोबार (हात पुढे ताणून धरायच्या नळ्या) लावून तो पळाला आणि लॉराँ फिन्याँला मागे टाकून सगळी टूर ८ सेकंदांनी जिंकला. १९९३ मध्ये ग्रॅम ओब्रीने हात छातीखाली दुमडून तासाचा ५१.५९६ किमीचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी त्या बैठकीवर बंदी आली. म्हणजे बैठक आणि हँडल यांनी निकाल फिरतो. मापं तिथलीच घ्यायची. बाकीची सोडली तरी चालतात.

माझ्या मते टीटी गटासाठी यूसीआयची एवढी मापं पुरेत:

सायकलची लांबी १८५ सेंमीच्या आत, रुंदी ५० सेंमीच्या आत. दोन्ही चाकं सारख्या व्यासाची, टायर धरून ५५ ते ७० सेंमी. सीटची लांबी २४ ते ३० सेंमी, कल ९ अंशांच्या आत. सीटचं नाक बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकच्या एक्सलच्या) उभ्या रेषेपुढे जाता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बीबीच्या उभ्या रेषेपासून एक्स्टेंशनच्या (एरोबारच्या पुढे आलेल्या नळ्यांच्या) टोकापर्यंतचं अंतर.

या शेवटच्या मापाचे २०२३ पासून उंचीप्रमाणे तीन गट आहेत. १८० सेंमीपेक्षा कमी उंचीला ८० सेंमी, १८० ते १८९.९ ला ८३ सेंमी, १९० आणि वर ८५ सेंमी. आर्मरेस्ट (हात टेकायचे पॅड) आणि एक्स्टेंशनचं टोक यांच्या उंचीतला फरक याच क्रमाने १०, १२ आणि १४ सेंमी. आर्मरेस्टचा उतार ३० अंशांपर्यंत चालतो.

मोजायला महागडा जिग (मापाचा साचा) नको. गवंड्याकडचा ओळंबा, गुण्या, दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, लेव्हल, खडू आणि स्टीलचा टेप, झालं. शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप बघा. उघड्यावर ओळंबा वाऱ्याने हलत राहतो, माप कधीच ठरत नाही.

आधी पट्टीवर लेव्हल ठेवून फरशी तपासा. मीटरला १ सेंमी उतार असला तर काय होतं बघा. सीटचं नाक जमिनीपासून सुमारे १०० सेंमीवर, बीबी २७ वर, मधला फरक ७३ सेंमी. म्हणजे नाकाचं माप ७ मिमीने चुकतं, आणि सायकल उलट्या तोंडाने उभी केली की तेवढंच दुसऱ्या बाजूला चुकतं. एका सायकलला पास आणि दुसरीला नापास करायला एवढा फरक पुरतो. म्हणून जागा एकच, सायकलचं तोंडही एकाच दिशेला.

सायकल दोन्ही चाकांवर उभी. मागचं चाक उचलणारा स्टँड नको, एकाने सीटच्या मागून धरावं. जमिनीवर चाकांच्या रेषेत खडूची सरळ रेघ मारा आणि दोन्ही चाकं तिच्यावर आणा. पुढचं चाक जरा वळलेलं असलं तरी एक्स्टेंशनचं टोक सेंटिमीटरभर मागे दिसतं. मग तीन ठिकाणी ओळंबा सोडा: सीटचं नाक, क्रँकच्या एक्सलचा मध्य आणि एक्स्टेंशनचं टोक. बीबीचा ओळंबा क्रँकच्या बाहेरून सोडावा लागतो, त्यामुळे तो रेघेपासून आठ-दहा सेंमी बाजूला पडतो. ती खूण गुण्या लावून रेघेवर आणायची. तिरका टेप धरून थेट मोजलं तर माप जास्त भरतं. तीनही खुणा रेघेवर आल्या की टेप रेघेवर ठेवून वाचा.

चिकोडीचढ

टोक म्हणजे नेमकं कुठवर? नळीचं टोक, का शिफ्टरच्या लिव्हरचं टोक? बार-एंड (नळीच्या टोकाला बसणारा) शिफ्टर असला तर पाच-सात सेंमीचा फरक पडतो.

ओळंबा

ते पत्रकातच लिहायचं. "हाताला लागणारा सर्वांत पुढचा घट्ट भाग, शिफ्टर मधल्या गिअरवर ठेवून" असं एक वाक्य टाका. कुठलीही व्याख्या चालेल, सगळ्यांना एकच पाहिजे आणि आठवडाभर आधी कळली पाहिजे. खेळाडूची उंचीही तिथेच भिंतीवर अनवाणी मोजा. १७९ आणि १८० मध्ये ३ सेंमीची सूट आहे, तोंडी सांगितलेली उंची धरू नका.

वजनाचं काय, हे कुणी विचारेलच. यूसीआयची किमान मर्यादा ६.८ किलो आहे. बाटली, कॉम्प्युटर असं शर्यतीत काढता येणारं सामान उतरवून वजन करतात. आपल्याकडच्या टीटी सायकली बहुतेक ८ किलोच्या वरच असतात. सपाट रस्त्यावर वजनाचा फायदाही नगण्य. हा नियम सोडून द्या.

आऊटकाढणारा

मापांआधी सुरक्षेची तपासणी, आणि ती तिन्ही गटांना (टीटी, रोड, विना-गिअर) सक्तीची. माप चुकलं तर निकाल चुकतो. इथे चुकलं तर माणूस पडतो.

हँडलची आणि एक्स्टेंशनची टोकं बंद पाहिजेत. उघडी नळी पडताना मांडीत किंवा पोटात गोल कापून शिरते. प्लग हरवला असेल तर बाटलीचं बूच दाबून बसवा आणि वर टेप मारा. पण उघडी नळी सुटायला देऊ नका.

दोन स्वतंत्र ब्रेक. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं पाहिजे. लिव्हर हँडलला टेकत असेल तर नापास. ब्रेक तसाच दाबून सायकल मागेपुढे हलवा. हेडसेटमधून (हँडलच्या बेअरिंगमधून) टकटक लागली तर आधी स्टेमच्या बाजूचे बोल्ट सैल करायचे, वरच्या कॅपचा बोल्ट थोडा घट्ट करून खेळ काढायचा, मग स्टेम सरळ करून बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे. पुष्कळ जण बाजूचे बोल्ट सैल न करताच वरचा आवळत बसतात. त्याने काही होत नाही, उलट कॅप फुटते.

कार्बन रिमला कार्बनचेच ब्रेक रबर. अ‍ॅल्युमिनियम रिमवर वापरलेले रबर काढून कार्बनवर लावू नयेत, त्यात रुतलेले धातूचे कण रिम खरवडतात.

आता क्लिप-ऑन, म्हणजे साध्या हँडलवर वरून बसवायचे एरोबार. आपल्याकडे निम्मे लोक रोड सायकलवर क्लिप-ऑन लावून येतात आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. हँडलचा मधला भाग ३१.८ मिमी, क्लॅम्पही त्याच मापाचा पाहिजे. कार्बन हँडल असेल तर त्यावर क्लिप-ऑन चालतो का, हे हँडल बनवणाऱ्याच्या सूचनेत बघा. चालत नसेल तर अ‍ॅल्युमिनियमचं हँडल टाका. घामाचा थर, धूळ पुसून घ्या. कार्बनवर ग्रिप पेस्ट लावा. बोल्टवर लिहिलेला टॉर्क आधी बघा, सहसा तो ५ ते ६ न्यूटन-मीटर असतो. दोन बोल्ट असतील तर अर्धा-अर्धा फेरा आळीपाळीने. एकच बाजू पूर्ण आवळली तर क्लॅम्प तिरका बसतो, टॉर्क रेंच "झालं" म्हणतो पण पकड अर्धीच असते.

तपासणीत दोन्ही पॅडवर तळहात ठेवून अंगाचा भार द्या, एकदा झटका मारा. पॅड खाली फिरला तर नापास. व्हरांड्यात फिरतोय म्हणजे पहिल्या गतिरोधकावर नक्की फिरणार, आणि तेव्हा हात ब्रेकवर नसतात. पास झाला की क्लॅम्प आणि हँडल यांवरून पेंट मार्करने एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली म्हणजे पकड सरकली, खेळाडूलाही सुटताना दिसतं.

एक्स्टेंशन नळीवर किती आत राहिली पाहिजे याची खूण असते, ती दिसता कामा नये. सीट पुढे ओढताना रुळांवरच्या मर्यादेच्या खुणांच्या बाहेर क्लॅम्प गेला तर रूळ वाकतो. गोल ७ मिमी रुळाचा क्लॅम्प ७×९ च्या अंडाकृती कार्बन रुळाला लावला तर रूळ तडकतो.

सांबरावारा

टायरबद्दल. हुकलेस (आत टायर अडकवायची कड नसलेल्या) रिम आता आपल्याकडेही दिसायला लागल्यात. त्यांना ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआयची मर्यादा आहे. जुन्या सवयीने १०० भरलं तर टायर रिमवरून उडतो. तपासणाऱ्याने रिमवरचा शिक्का वाचायलाच हवा. हुकवाल्या रिमवर २५ मिमी टायरला ७० किलोच्या माणसाने ८५-९० ठेवलं तरी आपल्या रस्त्यांना पुष्कळ झालं. सकाळी गारव्यात भरलेली हवा उन्हात वाढते. तापमान १० अंशांनी वाढलं की ९० पीएसआयवर साधारण साडेतीन पीएसआयची भर पडते. गाडीच्या डिकीत सायकल ठेवून येणाऱ्यांनी उतरल्यावर पुन्हा बघावं.

चाकांबद्दल माझं मत ठाम आहे: पुढचं डिस्क चाक (स्पोकऐवजी सपाट तबकडीचं) बंद. मागचं डिस्क चालू द्या.

चिकोडीचढ

याला विरोध. यूसीआय टाइम ट्रायलला डिस्क चाक चालवते. कुणी लाखभर रुपये घालून चाक घेतलंय, आणि आपण नियम अजून कडक करायचा? टीटी गट म्हटलं तर टीटीचे नियम द्या.

सांबरावारा

यूसीआयच्या शर्यतीत रस्ता बंद असतो, आपला अर्धा उघडा असतो. बेळगाव-खानापूर रस्ता साधारण दक्षिणेकडे जातो आणि आपल्याकडे वारा बहुधा पूर्व-पश्चिम वाहतो, म्हणजे तो थेट बाजूने लागतो. पुढच्या डिस्कवर बाजूचा वारा बसला की जोर स्टिअरिंगवर येतो. मागचं चाक वळत नाही, म्हणून तिथला जोर फक्त सायकल ढकलतो. त्यात आपली शर्यत गाळप हंगामात. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेजारून गेला की आधी वारा एकदम थांबतो. खेळाडूने वाऱ्याकडे झुकवलेली सायकल त्या बाजूला खेचली जाते. ट्रॉली सरली की झोत पुन्हा एकदम आदळतो. हात एक्स्टेंशनवर असताना हे सावरायला वेळ मिळत नाही. कोर्स सांबऱ्याकडे बागलकोट रस्त्याला घेतला तर वारा बराचसा समोरून-मागून मिळेल, तिथे धोका कमी. पण ट्रॅक्टर तिथेही आहेतच. पुढच्या रिमची उंची ६० मिमीपर्यंत, असा आपला नियम ठेवावा असं मला वाटतं.

चिकोडीचढ

ट्रॅक्टरचं म्हणणं पटलं. मग ही गोष्ट नाव नोंदणीच्या अर्जातच ठळक छापा, म्हणजे दुसरं चाक आणायला वेळ मिळेल. आणि मागच्या चाकावर प्लॅस्टिकचं पत्रं कापून घरगुती कव्हर लावतात, त्याचं काय करायचं?

सांबरावारा

यूसीआयच्या नियमात हवा कापायला नंतर जोडलेलं काहीही चालत नाही. पण हौशी शर्यतीत मागच्या चाकाला चालू द्यायला हरकत नाही. अट एवढीच: दोन्ही बाजूंचे तुकडे स्पोकमधून एकमेकांना झिप टायने बांधलेले, किमान सहा-आठ ठिकाणी, आणि झिप टायची कापलेली टोकं आतल्या बाजूला. नुसत्या टेपवर चिकटवलेलं कव्हर उन्हात सुटतं आणि चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाजवळच्या फ्रेमच्या नळीत) अडकतं. चाक फिरवून कान लावा, घासल्याचा आवाज आला नाही पाहिजे.

अथणीसाधीसायकल

विना-गिअर गटाकडे कुणी बघणार की नाही? यात्रेच्या शर्यतीत सगळ्यात जास्त पोरं याच सायकलवर असतात. त्यांना टीटीवाल्यांचे नियम लावून काय उपयोग? त्यांचे वेगळे नियम लिहा.

व्याख्या अशी ठेवा: एकच चेनव्हील, एकच फ्रीव्हील, एरोबार नाही, डिस्क चाक नाही. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड काढलं तर चालेल, पण मडगार्डची तार अर्धी कापून ठेवलेली नको. काढायची तर पुरती काढा.

हँडलचा प्रश्न मोठा आहे. खाली वाकायला मिळावं म्हणून रॉड ब्रेकच्या सायकलचं हँडल उलटं करतात. उलटं केलं की रॉडचा सांधाही उलटा होतो, ब्रेक लागतच नाही, मग पुढचा ब्रेक काढूनच टाकतात. केबलचा कॅलिपर लावू म्हणतात तर रॉड ब्रेकच्या रिमला सपाट कड नसते. रॉड ब्रेकचं रबर रिमला आतून, स्पोकच्या बाजूने लागतं, कॅलिपरचं बाजूने. गोल कडेवर कॅलिपरचं रबर निसटतं आणि टायरला घासतं. म्हणजे एक तर हँडल सरळ ठेवून रॉड ब्रेक नीट करा, नाहीतर सपाट कडेच्या रिम बसवून दोन्ही कॅलिपर लावा. तिसरा मार्ग नाही.

दुसरं, कॉटर, म्हणजे क्रँक एक्सलला घट्ट धरणारी खीळ. क्रँक हातात धरून हलवा, डगडग लागली की कॉटर सैल. नुसता नट आवळून कॉटर आत जात नाही, आटे तेवढे जातात. क्रँकखाली लोखंडी ठोकळा धरायचा, कॉटर हातोडीने ठोकून बसवायचा, मग नट. पाच-दहा किमी पळवून पुन्हा एकदा ठोकून घ्या, नवा कॉटर थोडा दबतोच.

फ्रीव्हील १८ ऐवजी १६ दातांचा टाकतात, तो चालू द्या. पण चेन सैल राहते. मागचं चाक खाचेत मागे ओढा, मावलं नाही तर कडी काढा. चेन मधोमध दाबल्यावर वर-खाली मिळून दीड-दोन सेंमी हलावी. जास्त हलली तर जोर लावताना उतरते आणि माणूस हँडलवर आपटतो.

खानापूररोड

हा प्रतिसाद पत्रकात जवळपास जसाच्या तसा घेतोय. लहान मुलांच्या गिअरवर मर्यादा ठेवायची का?

ओळंबा

यूसीआयने ज्युनियरसाठी क्रँकच्या एका फेऱ्याला ७.९३ मीटरची मर्यादा बरीच वर्षं ठेवली होती, २०२३ पासून काढली. मोठ्यांना ठेवू नका. १४-१५ वर्षांच्या आतल्यांना ठेवायची असेल तर दातांची संख्या मोजत बसू नका, कारण टायर बदलला की अंतर बदलतं. २५ मिमी टायरवर ५२-१४ चे साधारण ७.८२ मीटर भरतात. थेट जमिनीवर मोजा. सगळ्यात जड गिअर टाका, क्रँक सरळ खाली, जमिनीवर खूण. सायकल सरळ ढकला, क्रँकचा एक पूर्ण फेरा, पुन्हा खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे गिअर.

डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) एच स्क्रू आवळून लहान स्प्रॉकेट बंद करतात, तेही मान्य करा. पण स्क्रूने सहसा एखाद-दोन स्प्रॉकेटच अडतात. तपासणाऱ्याने स्वतः लिव्हर दाबून, पेडल फिरवून बघावं. स्क्रू सैल असेल तर चेन हळूच खाली उतरते.

निपाणी४८

हेल्मेटचं राहिलं. आतला सुरक्षा-मानकाचा शिक्का बघा, ईएन १०७८ किंवा सीपीएससी. टीटी हेल्मेट फक्त टीटी गटाला. रोड गटात एरोबार आणि टीटी हेल्मेट दोन्ही बंद ठेवा, नाहीतर रोड गट नावापुरता उरतो. कानात इअरफोन कुठल्याच गटाला नको, रस्ता उघडा आहे. मागे लाल दिवा सक्तीचा करा, ब्रिटनमध्ये सीटीटीच्या (तिथल्या टाइम ट्रायल संघटनेच्या) उघड्या रस्त्यावरच्या शर्यतीत तो सक्तीचाच आहे. सीटमागच्या पिंजऱ्यातली बाटली गतिरोधकावर उडते आणि मागच्याच्या चाकाखाली येते. त्यांना बाटली फ्रेमवरच ठेवायला सांगा.

सायकलबाहेरचं एक, पण याच पत्रकात पाहिजे. घरची मंडळी मोटरसायकलवरून शेजारून नाहीतर पुढून चालवतात. पुढची मोटरसायकल म्हणजे कुठल्याही चाकापेक्षा मोठा फायदा. यूसीआयमध्ये मागची गाडी १० मीटर मागे ठेवतात, तोच आकडा घ्या. पुढच्याला गाठलं तर बाजूने २ मीटर अंतर सोडून जायचं, आणि गाठला गेलेल्याने पुढे किमान २५ मीटर मागे राहायचं.

खानापूररोड

वेळ किती लागेल? साठ नावं धरतोय.

आऊटकाढणारा

सुरक्षा आणि मापं मिळून टीटी सायकलला पाच मिनिटं. साध्या सायकलला तीन. सगळे पाच मिनिटांचे धरले तर साठांना ३०० मिनिटं. दोन जागा लावल्या तर अडीच तास. पहिला खेळाडू सात वाजता सोडायचा तर पहाटे हे बसत नाही. आदल्या संध्याकाळी चार ते सात तपासणी ठेवा. अथणी-जमखंडीहून सकाळीच येणाऱ्यांसाठी साडेपाचला एक जागा उघडा.

आदल्या दिवशी पास झालेल्या सायकलीत रात्री बदल होतो, हे धरूनच चला. सीटपोस्ट आणि फ्रेम यांच्या सांध्यावर, सीटच्या क्लॅम्पवर आणि एक्स्टेंशनच्या क्लॅम्पवर कागदी चिकटपट्टी लावून तपासणाऱ्याने वर सही करायची. सुटायच्या जागी तीन पट्ट्या बघायला दहा सेकंद लागतात. पट्टी फाटलेली असली तर पुन्हा मापावर.

नापास झाला म्हणून घरी पाठवू नका. स्वतःच्या सुटायच्या वेळेपर्यंत दुरुस्त करून आणायची मुभा द्या. उशीर झाला तर घड्याळ मात्र त्याच्या ठरलेल्या मिनिटापासूनच. तपासणीच्या टेबलावर ४, ५ आणि ६ मिमी अ‍ॅलन की, टॉर्क रेंच, प्लग, झिप टाय, हातोडी आणि लोखंडी ठोकळा ठेवा. निम्मे नापास तिथल्या तिथे पास होतात.

अथणीसाधीसायकल

पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा, आणि मापांसोबत चित्र द्या: सायकल, तीन ओळंबे, खाली रेघ. गावच्या सायकल दुकानदाराला ते चित्र मिळालं तर पोरं येण्याआधीच तो सीट आणि हँडल लावून देईल.

खानापूररोड

दोन्ही भाषांत छापतो. चित्र काढून इथेच टाकतो. ओळंबा, बीबीची खूण गुण्याने रेघेवर आणतानाचं तेवढं एक वेगळं चित्र काढून द्याल का?

ओळंबा

देतो. वरून दिसणारं काढतो: चाकांची रेघ, बाजूला पडलेली बीबीची खूण, गुण्याची एक बाजू रेघेला चिकटलेली आणि दुसरी खुणेवर. गुण्या किमान ३० सेंमीचा घ्या. शाळेच्या कंपासपेटीतला छोटा पुरत नाही, त्याची बाजू रेघेवर सरळ बसते की नाही ते कळतच नाही.